पावणेआठनंतरचा कोपरा: करवीरमधला एक बांध आणि सौरचक्र २५

भोगावतीच्या काठावर, करवीर तालुक्यातल्या एका गावात चुलत्या-पुतण्याची रानं एकमेकांना लागून आहेत. दोन्हीकडे ऊस. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात नदीचं पाणी या रानात कितीतरी दिवस उभं होतं. ते उतरलं तेव्हा हद्दीचे दगड गाळाखाली गेले होते. जुलै २०२१ च्या पुरानं उरलासुरला बांधही धुऊन नेला. तेव्हापासून दर नांगरटीला वाद ठरलेला. मार्च २०२४ मध्ये ऊस तुटून कारखान्याला गेला, रान मोकळं झालं आणि दोघांनी मिळून एक खासगी सर्व्हेअर बोलावला. सरकारी मोजणीची 'क' प्रत हातात होती. तिच्यातल्या खुणा रानात पुन्हा शोधायच्या आणि दगड रोवायचे, एवढंच काम. अशा खासगी मोजणीला कायद्याचं बळ नसतं, पण दोन्ही बाजूंची समजूत पटली तर कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

तो सर्व्हेअर माझा जुना विद्यार्थी. मी त्याला पदार्थविज्ञान शिकवलं होतं, म्हणूनच हे प्रकरण माझ्यापर्यंत आलं. ते सविस्तर लिहितो आहे, कारण सौरवादळाबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं त्यात कोल्हापूरच्या माणसाला खरोखर भिडणारी गोष्ट बहुतेक वेळा सुटून जाते.

रानात काय घडलं

पुतण्या गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर काम करतो. पहिली पाळी संपवून, थोडी कामं उरकून तो सहाच्या सुमारास रानात आला. तो आल्याशिवाय मोजणी सुरू करायची नाही, असं चुलत्यांनीच ठरवलं होतं. उगीच मागाहून बोलणं नको. मोजणी उपग्रहांच्या संदेशांवर चालणाऱ्या जोडयंत्राची: बेस एका जागी उभा राहून दुरुस्ती पाठवतो आणि रोव्हर काठीवर लावून कोपऱ्याकोपऱ्यावर नेतात. बेस सामाईक विहिरीच्या धक्क्यावर लावलेला. उत्तरेकडचे दोन कोपरे उजेडात झाले. तिसऱ्या कोपऱ्यावर जुना वाद निघाला, आवाज चढले, शेजारचे लोक जमले, चहा झाला. चौथ्या म्हणजे आग्नेय कोपऱ्यावर रोव्हर उभा राहिला तेव्हा पावणेआठ वाजून गेले होते. मोबाइलच्या बॅटऱ्या पेटवून काम चाललं होतं. कंट्रोलरच्या पडद्यावर काही वेळ 'फ्लोट', म्हणजे उत्तर अजून पक्कं नाही, असं दिसत राहिलं, मग पक्क्या उत्तराचं 'फिक्स' आलं. खुंटी ठोकली, फक्की मारली, सगळे घरी गेले.

सकाळी चुलत्यांनी विहिरीच्या धक्क्यापासून टेप लावला. त्यांच्या हिशेबानं खुंटी त्यांच्या रानात दोन फुटांहून जास्त आत आली होती. सर्व्हेअरला फोन गेला. तो तातडीनं आला, त्याच रोव्हरनं तोच कोपरा पुन्हा घेतला आणि बिंदू ६८ सेंटिमीटर पुतण्याच्या बाजूला पडला. बाकीचे तिन्ही कोपरे दोन सेंटिमीटरच्या आत जुळले.

आता दोन्ही बाजूंना संशय घ्यायला जागा झाली. चुलते म्हणाले, "रात्री पोराकडनं पैसं खाल्लंस." पुतण्या कामावरून आल्यावर म्हणाला, "आप्पांनी सकाळी न्याहारी घातली, म्हणून खुंटी सरकली व्हय?" बांधाची लांबी साधारण १२० मीटर. एकच कोपरा ६८ सेंटिमीटर सरकला तर मधे निघणारा त्रिकोण ४१ चौरस मीटरचा, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहूनही कमी. पण भावकीत अर्धा गुंठा हा क्षेत्रफळाचा प्रश्न नसतोच.

सर्व्हेअर मशीन घेऊन माझ्याकडे आला. "सर, ह्यानं आजवर मला कधी फसवलं नाही. आता कुणाचं खरं धरू?"

संशयितांची चौकशी

पहिला संशय बेसवर. तिवई कुणाचा धक्का लागून हलली असती तर तिच्यानंतर घेतलेलं सगळंच चुकलं असतं. ज्ञात बिंदूवर परत जाऊन शेवटची तपासणी करायची असते. त्या रात्री उशीर झाल्यामुळे ती राहून गेली होती. मात्र बेसवर कच्च्या नोंदी सुरू होत्या आणि त्यावरून तिवई जागची हलली नव्हती हे कळत होतं. मोबाइल नेटवर्कचाही दोष नव्हता, कारण दुरुस्तीचा संदेश बेसकडून रोव्हरकडे थेट रेडिओवर जात होता. उंची चुकीची भरली असती तर खुंटी खालीवर चुकली असती, आडवी नव्हे.

उरला मोटारीचा पत्र्याचा शेड. उपग्रहाचा संदेश पत्र्यावर आपटून वळसा घेऊन आला की अंतर चुकतं. सर्व्हेअर मंडळींचा हा नेहमीचा वैरी. त्याला पकडायची एक खात्रीची रीत आहे. जीपीएसचे उपग्रह आकाशात त्याच जागी रोज साधारण चार मिनिटं आधी येतात. म्हणजे पत्र्यामुळे होणारा गोंधळ दुसऱ्या दिवशीही तसाच, फक्त चार मिनिटं आधी दिसायला हवा. आम्ही पुढच्या काही संध्याकाळी त्याच धक्क्यावर बेस लावून नोंदी घेतल्या. एके दिवशी गोंधळ जवळपास तासभर उशिरा सुरू झाला, एका संध्याकाळी तो आलाच नाही. पत्रा निर्दोष सुटला.

मग त्या पहिल्या रात्रीच्या नोंदी मिनिटामिनिटानं वाचल्या. साडेसातपर्यंत सगळ्या उपग्रहांचे संदेश ठणठणीत, रेषा सरळ. पावणेआठच्या थोडं आधी दक्षिण आणि नैर्ऋत्येकडच्या उपग्रहांच्या रेषा थरथरू लागल्या. एकाचा संदेश काही सेकंदांत पार तळाला गेला, लगेच वर आला, पुन्हा पडला. मग दुसऱ्याचा. उत्तरेकडचे उपग्रह मात्र शांत. पंधरा-वीस मिनिटांनी सगळं जागेवर आलं आणि थोड्या वेळानं दुसरा झटका सुरू झाला. आग्नेय कोपऱ्याची खुंटी पहिल्या झटक्याच्या ऐन मध्यात ठोकलेली होती.

हे पाहिल्यावर मला शंका उरली नाही. बिघाड रानात नव्हता, यंत्रात नव्हता. तो डोक्यावर काही शे किलोमीटर उंचीवर होता.

सूर्यास्तानंतर वर काय होतं

सूर्याची अतिनील आणि क्ष-किरणं वातावरणाच्या वरच्या थरातल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात. हा झाला आयनांबर. उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटरवरून बोलतात आणि त्यांच्या प्रत्येक संदेशाला या थरातून यावं लागतं. इलेक्ट्रॉन जितके जास्त, तितका संदेशाला उशीर. जीपीएसच्या मुख्य लहरीवर, वाटेतल्या एक चौरस मीटर छेदाच्या स्तंभात १० चा सोळावा घात इतके इलेक्ट्रॉन असले की अंतरात १६ सेंटिमीटरची चूक पडते. आणि सूर्य जोरात असताना आपल्या अक्षांशांवर दुपारी याच्या शंभरपट इलेक्ट्रॉन असू शकतात. पण बेस आणि रोव्हर एकाच शिवारात असले की दोघांच्या डोक्यावरचा थर सारखाच असतो आणि ही चूक वजाबाकीत निघून जाते. म्हणून दिवसा, भर दुपारीसुद्धा, सर्व्हेअरचं काम सेंटिमीटरमध्ये बसतं.

संध्याकाळी ही सारखेपणाची अटच मोडते. सूर्य मावळला की आयनांबराचा खालचा भाग झपाट्यानं विरतो. त्याच सुमारास चुंबकीय विषुववृत्तावर पूर्वेकडे जाणारं विद्युतक्षेत्र थोडा वेळ बळावतं आणि वरचा दाट थर आणखी वर उचलला जातो. खाली विरळ, वर दाट, अशी अस्थिर रचना तयार होते. मग खालचा विरळ भाग दाट थराला भोक पाडून वर घुसतो. यालाच प्लाझ्माचे बुडबुडे म्हणतात. हे चुंबकीय विषुववृत्त भारतात तिरुनेलवेलीजवळून जातं, म्हणजे कोल्हापूरच्या दक्षिणेला सुमारे ९०० किलोमीटर. मग त्याचा आपल्याशी संबंध काय? तर बुडबुडा चुंबकीय बलरेषांच्या संपूर्ण लांबीवर पसरतो आणि या रेषा विषुववृत्तावर उंच असतात व उत्तरेकडे उतरत येतात. विषुववृत्तावर बुडबुडा जवळपास ५०० किलोमीटरवर चढला की त्याचं उत्तरेकडचं टोक कोल्हापूरच्या आकाशात येतं. आमच्या नोंदींत दक्षिणेकडचे उपग्रह आधी का थरथरले, ते यावरून उलगडतं.

हे बुडबुडे अंधार पडल्यावर पूर्वेकडे सरकतात, साधारण सेकंदाला १०० मीटर वेगानं. शंभरेक किलोमीटर रुंदीचा बुडबुडा अरबी समुद्रावरून येऊन आपल्या डोक्यावरून पंधरा-वीस मिनिटांत पुढे निघून जातो, आणि मागून दुसरा येतो. त्याच्या कडा आतून फाटलेल्या असतात. तीन-चारशे मीटरच्या गाठी-चिंध्यांतून संदेश येताना लुकलुकतो. यंत्र अशा वेळी लहरींची मोजदाद चुकवतं. आरटीके म्हणजे या बेस-रोव्हरच्या पद्धतीत उपग्रहापर्यंतच्या अंतरात किती पूर्ण लहरी बसतात ते यंत्राला ठरवावं लागतं, आणि एक लहर सुमारे १९ सेंटिमीटरची. दोन-तीन उपग्रहांची मोजदाद चुकली आणि आकाशाचा दक्षिण भाग जवळजवळ रिकामा झाला, की ६८ सेंटिमीटर सरकायला फारसं काही लागत नाही. पडद्यावरचं 'फिक्स' म्हणजे यंत्राच्या अंतर्गत कसोटीला उतरलेलं उत्तर. ती कसोटी संभाव्यतेची आहे, शपथपत्र नव्हे. हे वाक्य प्रत्येक सर्व्हेअरला प्रशिक्षणातच सांगितलं जायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मार्चच का? भारताच्या रेखांशांवर चुंबकीय उत्तर आणि भौगोलिक उत्तर जवळजवळ एकच आहेत. त्यामुळे मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, दिवस-रात्र समान असतात त्या काळात, एकाच बलरेषेच्या दोन्ही टोकांना सूर्य बरोबरच मावळतो आणि बुडबुड्यांना सर्वांत अनुकूल संध्याकाळ मिळते. आणि मार्च हाच आपल्याकडे ऊस तुटून रान मोकळं होण्याचा, म्हणजे मोजणीचा महिना. ही गाठ दुर्दैवी आहे खरी.

कोल्हापूरला हे आकाश नवं नाही. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं केंद्र आहे. तिथलं रडार साधारण ७० ते १०० किलोमीटर उंचीवरचे वारे मोजतं. रात्रीच्या आकाशातून येणारा ऑक्सिजनचा मंद लाल प्रकाश, ६३० नॅनोमीटरचा, कोल्हापुरातून आणि पन्हाळ्यावरच्या विद्यापीठाच्या केंद्रातून टिपला गेला आहे. हा प्रकाश सुमारे २५० किलोमीटरवरून येतो. त्याच्या संपूर्ण आकाशाच्या चित्रांत उत्तर-दक्षिण पसरलेले काळे पट्टे पूर्वेला सरकताना दिसतात. तेच हे बुडबुडे. ज्या गोष्टीनं भोगावतीकाठच्या चुलत्या-पुतण्यात भांडण लावलं, तिचा अभ्यास त्यांच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर झालेला आहे, आणि ही माहिती रानापर्यंत पोचलेली नव्हती. या प्रकरणात मला सर्वांत जास्त सलली ती हीच गोष्ट.

"आजवर कधी फसवलं नाही"

सर्व्हेअरच्या या वाक्यावर मी बराच विचार केला. तो खरंच बोलत होता. रोव्हर त्यानं २०१९ साली घेतला. सूर्यावरच्या डागांचा साधारण अकरा वर्षांचा चढउतार म्हणजे सौरचक्र. सौरचक्र २४ तेव्हा संपत आलं होतं आणि डिसेंबर २०१९ मध्ये सौरचक्र २५ सुरू झालं. २०१९ मधले बहुतांश दिवस सूर्यावर एकही डाग नव्हता. सूर्याच्या १०.७ सेंटिमीटर रेडिओ लहरींचा निर्देशांक, ज्याच्यावरून अतिनील किरणांचा अंदाज बांधतात, तेव्हा ७० च्या आसपास पडून होता. मार्च २०२४ मध्ये तो जवळपास दुप्पट किंवा त्याहून वर गेला होता. डागांच्या संख्येची गुळगुळीत केलेली सरासरी पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये शिखरावर, सुमारे १६१ वर पोचली. म्हणजे या मुलानं यंत्रावरचा सगळा विश्वास कमावला तो सूर्य झोपलेला असताना. संध्याकाळी उशिरापर्यंत काम करायची सवयही त्याच वर्षांतली. सूर्य जागा होत गेला तशी ती सवय धोक्याची होत गेली, आणि ते सांगणारं कुणी नव्हतं.

त्यानं स्वतः शोधलंही होतं. मोबाइलवर त्या दिवसाचा केपी निर्देशांक पाहिला; कुठलाही वादळाचा इशारा नव्हता. म्हणून त्यानं सूर्याला निर्दोष ठरवलं. इथेच बहुतेकांची गल्लत होते. केपी सांगतो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात किती खळबळ आहे. ती खळबळ उंच अक्षांशांवर निर्णायक ठरते. आपल्याकडे बुडबुड्यांना वादळ लागत नाही. तापलेला सूर्य आणि योग्य ऋतू पुरतो. वादळाच्या रात्री कधीकधी उलटही होतं: वादळाचं विद्युतक्षेत्र कोणत्या वेळी आलं त्यावर थर वर उचलला जाणार की खाली दाबला जाणार हे ठरतं, आणि दाबला गेला तर बुडबुडे उठतच नाहीत.

दोनच महिन्यांनी, १० मे २०२४ ला, अक्षय्य तृतीयेच्या रात्री, ऑक्टोबर २००३ नंतरचं पहिलं जी-५, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचं, सौरवादळ आलं. लडाखमधल्या हानळे इथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या कॅमेऱ्यांनी आकाशातली लाली टिपली. अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर थांबवावे लागले. आपल्या वाहिन्यांवर दोन दिवस तेच चाललं होतं, आणि सर्व्हेअरचा फोन आला, "सर, आता मशीन बंद ठेवू का?" मी त्याला म्हटलं, तिथल्या शेतकऱ्याला जी अडचण वीस वर्षांतल्या सर्वांत मोठ्या वादळानं आणली, तशी तुला मार्चमधल्या शांत संध्याकाळी आली होती, तू घड्याळ आणि महिना बघ.

याचा अर्थ मोठी वादळं आपल्याला लागू नाहीत, असा कुणी काढू नये. २ सप्टेंबर १८५९ ला मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्ला खाली गेल्याची नोंद आहे. त्या ऐतिहासिक वादळाचा जगातला एक मोलाचा पुरावा महाराष्ट्रात लिहिला गेला. आजचं भारताचं आदित्य-एल१ यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर सौरवारा तपासतं, आणि त्याच्यावरची सूर्याची अतिनील छायाचित्रं घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत घडली. पण आज संध्याकाळी करवीरवर बुडबुडा येईल का, हे त्या अंतरावरून कळत नाही. त्यासाठी जमिनीवर रिसीव्हर हवेत. माझं स्पष्ट मत आहे की कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या विज्ञान महाविद्यालयांच्या गच्चीवर असे रिसीव्हर बसवले, तर पश्चिमेकडच्या महाविद्यालयाला दिसलेला बुडबुडा पूर्वेकडच्या सर्व्हेअरला अर्धा तास आधी कळवता येईल. कोल्हापूरहून सोलापूर दोनशे किलोमीटरवर आहे. हिशेब सोपा आहे.

दगड कसे रोवले गेले

तक्ते आणि आलेख दाखवून चुलत्या-पुतण्याची समजूत पटणार नव्हती. सर्व्हेअरनं वेगळी युक्ती केली. एका दुपारी त्यानं वादाच्या कोपऱ्यावर, सकाळी निघालेल्या बिंदूवर, रोव्हरची काठी दोन पायांच्या शिकंज्यात घट्ट बसवली आणि कंट्रोलर पुतण्याच्या हातात दिला. "दादा, काठीला कुणी हात लावायचा नाही. तुम्ही फक्त आकडे बघा." मीही तिथे होतो. सहा वाजता आकडे दोन सेंटिमीटरच्या आत डुलत होते. सूर्य मावळला, सात वाजले, तसेच. आठच्या पुढे एकदम शेवटचे दोन अंक धावू लागले. पुतण्या काठीकडे बघे, मग पडद्याकडे. 'फ्लोट' आलं, परत 'फिक्स' झालं आणि आकडा चाळीस सेंटिमीटर पश्चिमेला जाऊन स्थिर बसला. काठी जागच्या जागी.

पुतण्या थोडा वेळ काही बोलला नाही. मग चुलत्यांकडे वळून म्हणाला, "आप्पा, जॉब हललेला नाही. मशीनचा झीरो हलला." आयुष्यभर मायक्रॉनमध्ये काम करणाऱ्या माणसाला मी तासभर बोलून जे सांगू शकलो नसतो ते त्यानं एका वाक्यात ओळखलं. चुलत्यांनी कंट्रोलर हातात घेऊन बराच वेळ पाहिला. त्यांनी विचारलं ते फार नेमकं होतं: "मग सकाळचा आकडा खरा कशावरनं? त्यो बी हलला असंल."

प्रश्न योग्य होता, म्हणून उत्तरही कामानंच दिलं. वेगवेगळ्या दिवशी, सकाळी आणि भर दुपारी, बेस दर वेळी नव्यानं लावून, रोव्हर बंद करून पुन्हा सुरू करून तोच कोपरा घेतला. सगळे बिंदू तीन सेंटिमीटरच्या आत पडले. ज्ञात बिंदूवरची तपासणी प्रत्येक वेळी दोघांच्या समोर झाली. त्यावर चुलत्यांचा टेप विहिरीपासून लावला तो बोटभर फरकानं जुळला. दगड सकाळच्या बिंदूवर रोवला गेला. पुतण्यानं पहार धरली.

तिसऱ्या कोपऱ्याचा जुना वाद मात्र मिटलेला नाही. तो मोजणीचा नाहीच. वाटणीच्या वेळी आजोबांनी तोंडी काय सांगितलं होतं, त्याचा आहे.

सर्व्हेअरनं आपल्या कामात काही गोष्टी कायमच्या बदलल्या. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्यास्तानंतर तो हद्दीचा बिंदू घेत नाही. सूर्यास्ताला अर्धा तास उरला की काम बंद करून शेवटची तपासणी करतो. प्रत्येक कोपरा दोनदा, मधे काही तासांचं अंतर ठेवून घेतो. कच्च्या नोंदी बेस आणि रोव्हर दोन्हीकडे ठेवतो. नोंदवहीत वेळेचा रकाना आता तो मिनिटासकट भरतो. उशिरा येणाऱ्या पक्षकाराला दुसऱ्या दिवशीची वेळ देतो, त्यासाठी काही कामं हातची गेली तरी. सौरचक्र उताराला लागलं आहे, पण उतार सावकाश असतो आणि पुढचा शांत सूर्य २०३० च्या सुमारास अपेक्षित आहे. मी त्याला सांगितलं आहे की तेव्हा संध्याकाळी पुन्हा सगळं सुरळीत चालेल, तरी हा रकाना भरणं सोडू नकोस. २०१९ मध्येही सगळं सुरळीतच चाललं होतं.